कॉम्प्युटर गार झाला, दही लागेना

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो दादासाठी. तसं आमच्याकडे सगळंच दादासाठी यायचं. सायकल दादासाठी, क्लास दादासाठी, दुधावरची साय दादासाठी. मी सुमन, त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी, आणि माझ्यासाठी काय यायचं तर स्थळं. त्या उन्हाळ्यात मी बारावी संपवून कॉमर्सला जाणार होते आणि दादा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला पोचला होता. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाच्या घरी कॉम्प्युटर नाही, ही अण्णांना लाजेची गोष्ट वाटायला लागली. मग नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून गुलाबाच्या जुड्या घेऊन पहाटे बाजारात गेलेला टेम्पो एक दिवस परत येताना दोन मोठी खोकी घेऊन आला. आईने खोकी उघडून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी उडालं ते थेट कीबोर्डवर. कॉम्प्युटर आणि पाणी यांची आमच्या घरातली ती पहिली भेट.

त्याची स्थापना झाली पत्र्याच्या खोलीत. एका भिंतीला खताच्या गोण्या, दुसऱ्या भिंतीला ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खुंटीवर फवारणीचा पंप, आणि मधोमध टेबलावर हे विसाव्या शतकाचं शेवटचं आश्चर्य. आईने त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं. ते कव्हर तिच्या मते धूळ बसू नये म्हणून होतं, त्यामुळे कॉम्प्युटर चालू असतानाही ते काढायचं नाही अशी सक्त ताकीद होती. दुपारी पत्रा असा तापायचा की खोलीत शिरलं तर भाकरीच्या तव्यावर पाऊल पडल्यासारखं वाटायचं. विहिरीवरची मोटर गुंगुं करत असायची, ओसरीवर आई आणि शेतावरच्या बाया शेवंतीच्या जुड्या बांधत बसलेल्या असायच्या, आणि दादा त्या भट्टीत बसून कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळायचा. अभ्यास म्हणून. दहाव्या षटकाच्या आसपास चेंडू हवेत थांबायचा आणि खाली यायचाच नाही.

“व्हायरस आहे,” दादा म्हणायचा. दादाच्या मते कॉम्प्युटरला होणारे सगळे आजार व्हायरसनेच व्हायचे. दुकानातून आलेला इंजिनियरही तेच म्हणाला, आणि सगळं पुसून नव्याने भरून देऊन गेला. दुसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा हवेत थांबला. तेव्हा मी कव्हरखाली हात घालून डब्याच्या कुशीला लावला आणि चटका बसून मागे घेतला. मी कॉमर्सची असल्यामुळे मला तापलेली वस्तू तापलेलीच वाटली.

दादा कॉलेजला गेल्यावर मी स्क्रू काढून डबा उघडला. आतला छोटा पंखा धुळीच्या लोकरीत गुरफटून गप्प बसला होता आणि एका कोपऱ्यात पालीने अंडी घातली होती. ती साफ केली, कुशीचं झाकण उघडंच ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. त्या दिवशी दादाची पन्नास षटकं पूर्ण झाली. तो म्हणाला, “बघ, व्हायरस गेला.”

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं की मदरबोर्डवरची एक इवलीशी टोपी काढून दुसऱ्या जागी बसवली, की प्रोसेसर त्याच्या लायकीपेक्षा जोरात पळतो. कुणीतरी लायकीपेक्षा जोरात पळू शकतं ही कल्पनाच मला फार आवडली. टोपी हलवली. कॉम्प्युटर पळाला, आणि असा तापला की टेबलफॅनचं त्याच्यापुढे काही चालेना. सुरू होताना एक बटण दाबलं की निळ्या पडद्यावर त्याचा ताप आकड्यात दिसायचा. मी तो वहीत लिहून ठेवायची, टायफॉईडच्या पेशंटचा लिहितात तसा. त्याच मासिकात शेवटी चार ओळी होत्या की परदेशात काही वेडे लोक प्रोसेसर पाण्याने गार करतात. सामान कुठे मिळतं ते अर्थातच दिलं नव्हतं.

आता माझ्या भाच्याकडे, म्हणजे दादाच्याच मुलाकडे, घरपोच आलेला पाण्याचा कूलर आहे. त्याच्या कॅबिनेटला काच आहे आणि आत सात रंगांचे दिवे फिरतात, लग्नाच्या वरातीत फिरतात तसे. “आत्या, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?” तो मला दयेने विचारतो. नव्हतं बाळा. आमच्या वेळी तांबट आळी होती.

तांबट आळीत एक म्हातारे तांबटकाका दारात बसून हंडा ठोकत होते. सगळी आळीच ठोकत होती, त्यामुळे तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी त्यांना वहीतलं चित्र दाखवलं. काडेपेटीएवढी तांब्याची बंद डबी, बूड आरशासारखं सपाट, वर दोन तोट्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर.

“कुठल्या देवाचं?” त्यांनी विचारलं.

“देवाचं नाही. कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवायचंय.”

“आणि पाणी?”

“सतत वाहतं ठेवायचं.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. “म्हणजे अभिषेकच की! मग देवाचं नाही कशाला म्हणते?”

डबी त्यांनी आठ दिवसांनी दिली. डाख इतका सुबक की सांधा नखाला लागत नव्हता, आणि बूड इतकं सपाट की त्यात मला माझे दात दिसले. तापलेलं पाणी निववायला रेडिएटर मिळाला भंगार बाजारात, कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीच्या हीटरमधला, पंचांगाच्या आकाराचा. पंप घरच्या जुन्या कूलरचा, पाण्याची टाकी म्हणजे वनस्पती तुपाचा पिवळा डबा, पाणी बॅटरीत घालतात ते. आणि नळीसाठी कुठे जायची गरजच नव्हती, ती भिंतीला टेकूनच उभी होती. ठिबकची.

पहिली चाचणी मी सगळं सामान घमेल्यात ठेवून घेतली, आणि हे तेवढं शहाणपणाचं केलं. पंप सुरू करताच नळीतून हातहाताच्या अंतरावर, अगदी शिस्तीत, थेंब पडायला लागले. मी चिकटपट्टी लावली, मेण लावलं, तरी थेंब पडतच राहिले. मी रडकुंडीला आलेली असताना अण्णा खताची गोणी न्यायला आत आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी तो सगळा पसारा पाहिला.

“काय चाललंय?”

“अण्णा, बघा ना, नळी ठिबकतेय.”

“ठिबकची नळी लावली,” अण्णा शांतपणे म्हणाले, “अन् ठिबकती म्हणून रडती? आमच्या वावरात लावली तं ठिबकत नाय, म्हणून मी रडतो.”

मग त्यांनी मला बिनभोकाची साधी नळी काढून दिली, तिचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करून जोडात कसं दाबायचं ते दाखवलं आणि गोणी खांद्यावर टाकून जाता जाता म्हणाले, “दादाचं काम दिसतंय. कर मदत त्याला, त्याला कॉलेजचा लय ताप असतो.” खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नळी ठिबकायची थांबली होती आणि मी त्या आनंदात होते.

दिवाळीच्या सुमारास यंत्र चालू झालं. दिसायला ते अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारखं होतं, आवाज मात्र माशांच्या टाकीसारखा, बुडबुड बुडबुड. पण वहीतला आकडा निम्म्याजवळ आला. चटका सोडाच, डबा कोमट सुद्धा लागेना. मी आनंदाने आईला हात लावून बघायला बोलावलं तर ती हात लावून उलट चिडलीच. कारण मला माहीत नव्हतं, पण पावसाळ्यापासून ती रोज झालरीखाली डब्यावर विरजणाचं पातेलं ठेवत होती. नाशिकच्या गारठ्यात दही लागत नाही, त्यासाठी यासारखी जागा नाही असं तिने शेजारणींनाही सांगून ठेवलं होतं. “एवढी एक कामाची गोष्ट होती त्याच्यात,” ती पातेलं उचलत म्हणाली, “ती बी तू बंद पाडली.” जगात माझ्या शोधाचं झालेलं हे पहिलं परीक्षण.

फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. सायखेड्याचं एक स्थळ आलं. मुलगा शेती बघतो, घर गोदावरीच्या काठावर, माणसं चांगली. आणि दादाच्या कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन जाहीर झालं. तिथे बाहेरचे परीक्षक येणार होते आणि प्रोजेक्ट नसला तर वर्ष जाणार होतं. दादाकडे प्रोजेक्ट नव्हता. त्याच्याकडे क्रिकेटमधली सतरा शतकं होती. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा खरंच उतरला होता. दादा वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. जत्रेतून माझ्यासाठी बांगड्या आणणारा, मला ताप आला तर सायकलवर डबलसीट डॉक्टरकडे नेणारा मुलगा होता तो. फक्त काम सोडून त्याला सगळं जमायचं.

“सुमे, तुझं ते पाण्याचं दे ना. फक्त एक दिवस.”

“आणि मला काय?”

मला कॉलेज रोडवरचा हार्डवेअरचा कोर्स करायचा होता, हे त्याला माहीत होतं. अण्णांना विचारायची माझी छाती नव्हती, हेही माहीत होतं. “मी बोलतो अण्णांशी,” तो म्हणाला. “प्रदर्शन झालं की दुसऱ्या दिवशी. आईशप्पथ.” त्याने आईची शपथ घेतली आणि आई बाहेर शेवंती निवडत बसली होती. तिला पत्ताच नव्हता.

प्रदर्शनाला सगळं घर गेलं. यंत्र टेम्पोत, टोपल्यांच्या मधे, गोधडीत गुंडाळून. अण्णांनी नवी टोपी घातली होती आणि मास्तरांना द्यायला आमच्याच गुलाबांचा गुच्छ बांधला होता. मी सोबत कशाला, तर पाणी भरायला, असं ठरलं होतं. दादाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, खाली ‘संकल्पना व निर्मिती’. डाव्या हाताच्या टेबलावर थर्माकोलचे ट्रॅफिक सिग्नल होते, उजव्या हाताला कुणाचातरी आपोआप वाजणारा दरवाजा, जो आपोआप सोडून सगळ्या प्रकारे वाजत होता. आमच्याभोवती गर्दी जमली. बुडबुड ऐकायला लोक कान पुढे करत होते. अण्णा घोळक्याच्या मागे उभे राहून अनोळखी माणसांना सांगत होते, “आमच्या पोराचं हाय.”

परीक्षक आले. सडपातळ, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी वाकून डबी पाहिली, नळी पाहिली आणि खुश होऊन विचारलं, “तांबंच का घेतलंत?”

दादाने घसा साफ केला. “सर, तांबं आपल्याकडे पवित्र मानतात.”

परीक्षकांनी मान वर केली. “आणि ही बाटली बॅटरीच्या पाण्याची दिसतेय, साधं का नाही वापरलं?”

“सर, साधं पाणी... बाधतं.”

मी मागून कुजबुजले, “क्षार साठतात.” दादा मोठ्याने म्हणाला, “घसा खवखवतो.” लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

आणि तेवढ्यात टेम्पोत हादरे खाऊन सैल झालेला एक जोड सुटला. पाण्याची बारीक धार टेबलावर आली आणि खाली, जिथे सगळ्या वायरी एका पट्टीत खोचल्या होत्या, तिकडे निघाली. लोक मागे सरले. सिग्नलवाला मुलगा आपला सिग्नल छातीशी धरून पळाला. दादा पुतळ्यासारखा उभा होता. मग तो ओरडला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, “सुमे! सुमे, काय करायचं?”

मी टेबलाखालून जाऊन आधी भिंतीतला प्लग ओढला. मग नळी दुमडून मुठीत दाबली आणि दुसऱ्या हाताने ओढणी धारेत टाकली. पाणी वायरींपासून वीतभर अलीकडे थांबलं. एवढंच झालं. सांगायला जेवढा वेळ लागला त्याच्याहून कमी वेळात. उभी राहिले तेव्हा मूठ अजून नळीवरच होती.

परीक्षकांनी मला विचारलं, “तुम्ही कोण?”

“बहीण.”

“हे कुणी केलंय?”

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचा ओठ थरथरत होता, लहानपणी पडला की थरथरायचा तसा. घोळक्याच्या मागे अण्णांची टोपी दिसत होती आणि टोपीखालचे अण्णा. त्यांच्या हातातला गुच्छ अजून तसाच होता.

“दादानं,” मी म्हणाले. “मी पाणी भरते.”

परीक्षकांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. दादा पास झाला. नुसता पास नाही, प्रदर्शनात दुसरा आला. कल्पनेला आणि ‘प्रसंगावधानाला’ मिळून बक्षीस होतं. वस्तू गार करण्याच्या यंत्राबद्दल त्याला थर्मास देण्यात आला.

दादा मित्रांबरोबर थांबला. आम्ही तिघं टेम्पोतून निघालो. गंगापूर रोडला अण्णांनी न सांगता गाडी एका रसवंतीपाशी थांबवली. घुंगरांचा आवाज चालला होता, उसाच्या चिपाडांवर माश्या बसल्या होत्या. तीन ग्लास आले. आई दादाच्या बक्षिसाबद्दल बोलायला लागली तर अण्णांनी हाताने तिला थांबवलं.

“घाबरलं का माणूस ज्याला येतं त्याला हाक मारतो,” ते ग्लासाकडे बघत म्हणाले. “पोरगं मला नाय हाक मारत. मास्तरला नाय मारत. तुला मारतं.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तू केलंय ते?”

“हो.”

“समदं?”

“डबी तांबटकाकांनी. आणि नळी कशी बसवायची ते तुम्ही.”

आईचा ग्लास ओठाशीच थांबला. “मग तिथं बोलली का नाय तू?”

“त्याचं वर्ष गेलं असतं.”

“तिथलं समजलं,” अण्णा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला. “घरात का नाय बोलली? दिवाळीपासून मी गावभर सांगत हिंडतोय माझ्या पोराचं यंत्र, माझ्या पोराचं यंत्र. माझ्यासमोर बी खोटं?”

मी आयुष्यात अण्णांना उलट बोलले नव्हते. तेव्हाही आवाज फुटला तो रडल्यासारखाच. “खोटं नाही बोलले. तुम्ही विचारलंच नाही अण्णा. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, दादाचं काम दिसतंय.”

घुंगरं वाजत होती. अण्णांनी रस संपवला, ग्लास टेबलावर पालथा घातला, टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी कधी उचलला नव्हता, पण वाटलं. ते उठले आणि आईला म्हणाले, “सायखेड्याच्या लोकांला निरोप धाड. पुढल्या साली बघू.” आमच्या घरात क्रांती झाली ती एवढ्या शब्दांत झाली. जगात इतरत्र तिला झेंडे, गाणी वगैरे लागतात असं ऐकून आहे.

दादाने अण्णांशी बोलायचं म्हणून जे वचन दिलं होतं ते तो अजून पाळणार आहे. मी वाट बघतेय. त्याचं आता प्लॉट विकायचं ऑफिस आहे आणि खुर्चीमागच्या भिंतीवर त्या प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलंय. गिऱ्हाईकाने विचारलं तर तो खुलून सगळी गोष्ट सांगतो. मी समोर असले तर एवढंच म्हणतो, “सुमीनं पण खूप मदत केली.” त्याचा कॉम्प्युटर बिघडला की तो मलाच फोन करतो आणि मी जाते. कधीकधी वाटतं, त्या दिवशी हॉलमध्ये खरं बोलले असते तर त्याचं भलं झालं असतं. माझं काय झालं असतं ते सांगता येत नाही. त्या थरथरत्या ओठासमोर खरं बोलू शकणारी माणसं वेगळी असतात.

कोर्सचं अण्णांना शेवटी मीच सांगितलं, प्रदर्शनानंतरच्या रविवारी रात्री. सोमवारी सकाळी बाजार आटोपून ते घरात आलेच नाहीत, टेम्पो दारात उभा करून नुसता हॉर्न वाजवला. मी ओढणी सावरत जाऊन बसले. कॉलेज रोडवरच्या त्या क्लासला काचेचा दरवाजा होता आणि आत एसी. अण्णांनी चपला बाहेर काढल्या, मी सांगूनही पुन्हा घातल्या नाहीत. त्यांच्या शर्टाला गुलाबाची एक पाकळी चिकटली होती. टेबलामागच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला आणि अण्णांना विचारलं, “मुलाचं नाव?”

“मुलगी हाय,” अण्णा म्हणाले. “ही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. “कॉमर्स? हार्डवेअर जड जाईल हो काका. मुली टायपिंग नाहीतर अकाउंटचं पॅकेज घेतात. हिनं कधी कॉम्प्युटर उघडून तरी पाहिलाय का?”

अण्णा टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. हाताला काट्यांचे ओरखडे होते, नेहमीसारखे. ते घाई न करता म्हणाले, “साहेब, हिनं पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर बनवलाय. हिनं. एकटीनं.”

तो माणूस हसू दाबत माझ्याकडे बघायला लागला. मला माहीत होतं, कॉम्प्युटर विजेवर चालतो, पाण्याने फक्त गार होतो. डबी तांबटकाकांची होती, म्हणजे एकटीनंही नव्हे. मी पुढे पंचवीस वर्षं हार्डवेअर शिकवलं आणि वर्गात कुणी याहून लहान चूक केली तरी मी त्याला उभं करून दुरुस्त करायला लावलं. पण त्या सकाळी मी खाली मान घातली, पेन उचललं आणि फॉर्मवर माझं नाव लिहिलं.